माकडांची पगडी

ग्वाल्हेरात गोरखीच्या बाजूला कोणालाही माझ्याबद्दल विचारा, महिपतराव म्हणजे थापाड्या, असंच सांगतील. किल्ल्यावरच्या मोरांना मी लहानपणी मराठी शिकवली आणि तेव्हापासून ते हिंदीत ओरडायला तयार नाहीत, हे मी शपथेवर सांगतो. कोणी मानत नाही. पण आता सांगतोय ते खरं आहे. माझ्या सुनेला विचारा. ती माझ्या बाजूने कधी बोलत नाही, म्हणून तिची साक्ष पक्की.

सून म्हणजे निवेदिता. तिची मुलगी दुर्गा, थाटीपूरच्या सरकारी शाळेत तिसरीत. पोरीची जीभ कशी चालते म्हणता! पण अक्षर दिसलं की ही मुलगी घामाघूम. निवेदिताने तिच्यापुढे पुस्तक धरून पानावरचं चित्र हाताने झाकलं, तर तिला एक ओळ लागेना. चित्र उघडं केलं की धडा घडाघडा. वर्गात फळ्यावरचं उतरवता आलं नाही की तिला कामचोर म्हणून दाराबाहेर उभं करत. माझा मुलगा शंतनुसुद्धा म्हणायचा, हुशार आहे, नुसता आळस. निवेदिता मात्र हटून बसली. मुलांना लिहिण्या-वाचण्यात का अडचण येते हे तपासणाऱ्या तज्ज्ञांचं सरकारी शिबिर भरणार होतं. शाळेने नाव पाठवलं तरच आत घेत, आणि आम्ही शाळेत गेलो त्याच दिवशी दुपारी नावं वर जाणार होती. हुकलं की पुढच्या वर्षी. तोवर पोर दाराबाहेरच.

शाळेच्या फाटकाशी निवेदिता थांबली.

"बाबा, आत तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. तुम्ही तोंड उघडलं की खरंसुद्धा खोटं वाटतं."

मी कबूल केलं.

मुख्याध्यापिका गरिमा मॅडम. बाई वाईट नव्हत्या, तेच अवघड होतं. वाईट माणसाशी भांडता येतं. त्यांनी अर्ज बाजूला सारला आणि समजुतीने सांगायला लागल्या की मुलीच्या नावावर असा शिक्का एकदा बसला की लग्नापर्यंत पाठ सोडत नाही. आणि दुर्गाचं वाचन त्यांनी स्वतः ऐकलेलं होतं, वर्गात सगळ्यांत चांगलं. निवेदिता म्हणाली, ती वाचत नाही, तिला पाठ आहे. दुसरं काही वाचायला द्या. तर मॅडम म्हणाल्या, न पाहिलेल्या धड्यावर तर कोणतंही मूल अडखळतं, त्यावरून काय ठरवायचं?

मग त्यांनी दुर्गाला वर्गातून बोलावलं. पुस्तक उघडून समोर ठेवलं. निवेदिताला म्हणाल्या, "आप ही देख लीजिए. पढ़ लिया तो नाम नहीं जाएगा."

दुर्गाने पानावर पाहिलं. झाडाखाली झोपलेला टोपीवाला, वर माकडं. तिचा चेहरा उजळला, आणि मी ओळखलं, हा आमच्या परवच्यातला धडा.

आमच्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणायची पद्धत अजून आहे. आमचे लोक दख्खनेतून आले ते तलवारी घेऊन. तलवारी गेल्या, परवचा राहिला. आधी शुभंकरोती, मग पाढे, आणि मग पोरीच्या पुस्तकातला धडा मी सांगायचा, तिने मागून म्हणायचा. मला माझ्या आजोबांनी असंच शिकवलं. त्यामुळे तिला अख्खं पुस्तक तोंडपाठ. आईला हे ठाऊक होतं. पण निवेदिता त्या वेळी पोळ्या लाटत असते, तेव्हा एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. कोरडा धडा माझ्या तोंडून कोरडा निघत नाही.

दुर्गा वाचू लागली. बोट ओळीखाली सरकत होतं, जिथे थांबायचं तिथे थांबत होतं. टोपीवाला गावोगाव फिरला, दमला, झाडाखाली निजला. एक शब्द चुकला नाही. मॅडमच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. निवेदिताने पदराचं टोक मुठीत इतकं आवळलं की बोटं पांढरी पडली. पान संपलं.

"बस बेटा, बहुत बढ़िया," मॅडमनी पुस्तक मिटायला हात पुढे केला.

पुढच्या पानावर दुर्गा काय म्हणणार ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. बोललो तर पोर सगळ्यांसमोर उघडी पडणार. न बोललो तर वर्षभर दाराबाहेर. दुर्गा माझ्याकडे बघून हसत होती, शाबासकी हवी होती तिला.

"मैडम," मी म्हणालो, "असली मज़ा तो अगले पन्ने पर है."

निवेदिताने माझ्याकडे असं पाहिलं की त्या मोरांनीही मान खाली घातली असती. मॅडमनी घड्याळाकडे नजर टाकली, पण पान उलटलं.

दुर्गाने बोट ठेवलं आणि त्याच ठसक्यात सुरुवात केली. "टोपीवाला जागा तो देखा, गठरी खाली. बंदरों ने सब टोपियाँ नीचे फेंक दीं और बोले, हम ग्वालियर के बंदर हैं, टोपी नहीं पहनते. पाटणकर बाजार जाओ और हमारे लिए शिंदेशाही पगड़ी लाओ."

मॅडमचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र पानावर खिळले. त्यांनी एकदा वरून खाली वाचलं. परत वाचलं.

"बेटा," त्या हळूच म्हणाल्या, "पगड़ी कहाँ लिखा है?"

दुर्गाने जराही न अडखळता एका शब्दावर बोट ठेवलं. तो कुठला शब्द होता ते मी पाहिलं नाही. मी मॅडमकडे पाहत होतो. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि बाजूला सारलेला अर्ज पुढे ओढला. नाव लिहिताना त्या जे म्हणाल्या ते वर्गशिक्षिकेने ऐकलं असतं तर बरं झालं असतं: "इसे अब कोई बाहर खड़ा नहीं करेगा."

निवेदिता बाहेर येऊन भिंतीला टेकली आणि रडली. माझ्याशी बोलली नाही, पण पाण्याची बाटली आधी माझ्याकडे दिली.

दुर्गा हुशार आहे, एवढं शंतनुचं खरं. तिने आईचा हात धरला होता, माझा नाही. हमरस्त्याला लागल्यावर तिने विचारलं, "आबा, पुस्तकात पगडी नाहीये?"

थाप ओठांवर आली होती, चांगली होती. मी ती गिळली.

"नाही गं. ती मी गोष्टीत घातली."

"मग माकडांनी काय घेतलं?"

"टोप्याच."

तिने आईचा हात न सोडता दुसरा हात माझ्याकडे केला.

"कसली खुळी माकडं," म्हणाली.