परसातल्या सावलीचा तक्ता

माझा दादा जमीनमोजणीच्या कचेरीतून निवृत्त झाला, पण मोजणी काही त्याच्यातून निवृत्त झाली नाही. कुणी चुकीचा आकडा बोललं, तर तो दुरुस्त केल्याशिवाय त्याला घास उतरत नाही. फीत तो ओढतो, दुसरं टोक धरायला मी. आयुष्यभर मी त्याचं दुसरं टोकच धरत आलोय, त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

वहिनीचे डोळे अधू होत चालले होते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की सहा-आठ महिने नीट दिसेल, पुढे नुसता उजेड-अंधार कळेल. वहिनी त्या दिवशी रडली नाही. मागच्या दारात बसून भाजी निवडायची तिची सवय. समोर परस, म्हणजे तीन बाजूंनी भिंती, डोक्यावर शेजारची चार मजली इमारत, खाली ओलसर माती, शेवाळ आणि गळका नळ. संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "अहो, इथे थोडी बाग करू या का? दिसतंय तोवर बघून घेते."

दादा तडक उठला. मला भरून आलं. तो फीत आणायला उठला होता.

मी कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतल्या माळ्याला विचारून आलो होतो. रोपांना पाणी घालता घालता तो म्हणाला, "सावली आहे ना? मग नेचे लावा, लिली लावा. पाणी बेतानं. फुलं पांढरी घ्या, सावलीत तीच उठून दिसतात." हे ऐकून दादा हसला. "ऊन कुठे, किती वाजता, किती वेळ, काही न बघता झाडं लावायची? अंदाजपंचे?"

मग परसात दोरी ताणून एकेक फुटाचे एकशे बारा चौकोन आखले गेले. दर तासाला दादा चष्मा सावरत बाहेर जायचा आणि प्रत्येक चौकोनात ऊन आहे की सावली, ते तक्त्यात भरायचा. पहिल्या महिन्यात सगळ्या रकान्यांत एकच शब्द भरला गेला. सावली.

"दादा, सावली आहे हे कळलं की आता," मी म्हटलं.

"एका महिन्यावरून निष्कर्ष काढतोस? सूर्य सरकतो. पूर्ण वर्षाची मोजणी हवी."

"डॉक्टर सहा-आठ महिने म्हणालेत."

"ते अंदाजाने बोलतात. त्यांनी कुठे मोजलंय?"

यावर मी मूग गिळून बसलो. त्याचा मला अजून संताप येतो, आणि तो दादाचा नाही, माझाच.

तिसऱ्या महिन्यात वहिनीने गुपचूप नेच्याची एक कुंडी आणवली आणि दाराजवळ ठेवली. दादाने ती उचलून गच्चीवर नेली. का, तर कुंडीची सावली पडून मोजणी बिघडत होती. सावलीत सावली. गच्चीवरच्या उन्हात नेचा चार दिवसांत करपला. "बघ," दादा मला म्हणाला, "अभ्यास न करता लावलं की असं होतं."

भाजी निवडताना वहिनी एकेक पान डोळ्यांना चिकटवून बघायला लागली. पुढे पुढे तेही सोडलं. "कीड दिसेना झालीय, भाऊजी," ती म्हणायची, "तुम्ही जरा नजर टाका." मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, आता चारच महिने राहिलेत.

वर्ष भरलं. चौतीस पानी अहवाल तयार झाला. निष्कर्ष शेवटच्या पानावर होता: परसात सावली आहे, सबब सावलीत वाढणारी झाडे लावावीत. मी तो माळ्यापुढे धरला. त्याने न वाचताच नेचे आणि पांढरी लिली गाडीत चढवली.

दादाने सगळं स्वतः खणलं, हे मात्र कबूल करायला हवं. कंबर धरली तरी हटला नाही. दीड-दोन महिन्यांत नेचे तरारले, लिली फुलली. इतकं देखणं परस मी कुठे पाहिलेलं नाही.

त्या सकाळी त्याने वहिनीचा हात धरून तिला मागच्या दारात आणून बसवलं. आता तिला धरूनच आणावं लागत होतं.

"दिसतंय का गं?"

वहिनीने मान सगळीकडे फिरवली, गळक्या नळाकडेसुद्धा. मग हसली. "किती छान केलीत हो. ती लाल फुलं तर काय खुलून दिसतायत."

परसात लाल असं काही नव्हतं. मी दादाकडे पाहिलं. त्याचं तोंड सवयीने उघडलं होतं. ते तसंच थोडा वेळ उघडं राहिलं.

"तुला लाल आवडतात ना," तो म्हणाला, "म्हणून तीच आणली."

"किती आलीत?"

दादा तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसला.

"खूप," तो म्हणाला.