काळ्या दगडाखालची पांढरी कांडी

मित्रांनो, मी दगडाची एक जुनी कांडी आहे. जुनी म्हणजे तुमच्या आजीसारखी नव्हे. सातपुडा माझ्यापुढे कालचं पोर. पृथ्वी लहान होती तेव्हाची मी. माझ्या अंगावरचे पांढरे-करडे पट्टे तेव्हाच्या आगीत पडले. पुढे वरून काळ्या दगडाचे थरावर थर आले आणि माझं तोंड झाकलं.

एकाहत्तर साली शिंदखेड्याजवळ एका साहेबांनी यंत्र उभं केलं. पृथ्वीचं लहानपण कसं होतं ते त्यांना शोधायचं होतं. हिऱ्याचे दात लावलेली नळी फिरत खाली जायची आणि दगडाच्या कांड्या पोटात घेऊन वर यायची. प्रत्येक कांडीच्या टोकावर लाल रंगाने बाण काढून, खोली लिहून तिला पेटीत तिच्याच जागी ठेवायचं, अशी रीत. साहेबांना वरून हुकूम होता: होळीपर्यंत काळ्याखाली दुसरा दगड लागला नाही, तर भोक बंद.

होळीच्या तोंडावर मी वर आले. केवढ्या तोऱ्यात आले! नेमके साहेब धुळ्याला गेलेले. मुकादम अभिमन धरणगावचा. त्याने सवयीने बाण काढला आणि मग माझ्याकडे नीट पाहिलं. "ही पांढरी दिसली तर वैशाखही इथंच भाजत बसावं लागेल," असं पुटपुटून त्याने माझ्या जागी काळा तुकडा ठेवला. मला त्याने यंत्रावरच्या माणसांना जेवू घालणाऱ्या झुंबरबाईला देऊन टाकलं. तिचा वरवंटा फुटला होता ना!

भोक बंद झालं. माझ्या बहिणी खालीच राहिल्या आणि मी मिरच्या वाटत बसले. झुंबरबाई म्हणायची, "असा वरवंटा बठ्ठा गावमा नही!" स्तुती गोड लागते, खोटं कशाला बोलू? पण मिरचीगणिक मी अभिमनचं नाव ठेचत होते.

दोन वर्षांनी झुंबरबाईच्या नातवाचं बारसं निघालं. साहेब दुसऱ्या कामासाठी अभिमनला घेऊन गावात उतरले होते. तिने दोघांनाही बोलावलं. बारशाला वरवंट्याला न्हाऊ घालून, टोपडं घालून पाळण्यावरून-खालून फिरवतात. बायांनी मला राखेने घासलं, तसा टोकावर चिकटलेला मसाला निघाला. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या," करत त्यांनी मला या हातातून त्या हातात दिलं. मला बाळ म्हणाल्या, मेल्या! तेवढ्यात टोपडं घसरलं आणि लाल बाण साहेबांच्या डोळ्यांसमोर आला.

"हा दगड कुठून आणलात, अक्का?"

"अभिमनभाऊनी दिन्हा. इचारा ना, आठेच शे तो. का रे भाऊ, मान खाले का घातली?"

अभिमनच्या मुठीतल्या घुगऱ्या मुठीतच राहिल्या. साहेब मला घ्यायला झेपावले, तर झुंबरबाई आडवी आली. "बाळनं नाव ठेवाशिवाय मी देणार नही!" मग साहेब पाळण्यापाशी हात बांधून उभे राहिले, मानपानाला आलेल्या आत्याबाईसारखे.

यंत्र परत आलं. पोरांनी भोकात दगडगोटे भरले होते. ते काढायचं काम अभिमनच्या गळ्यात पडलं. एक वैशाख चुकवायला गेला, दोन भरले. त्यानंतर माझ्या बहिणी वर आल्या.

मित्रांनो, जमिनीच्या पोटातून जे निघेल ते जपा आणि ज्याची जागा त्यालाच द्या. मी आता पेटीत माझ्या जागी आहे. रोज संध्याकाळी अभिमन मला फडक्याने पुसतो. पुसू दे. दोन वर्षांची मिरची माझ्या अंगात मुरली आहे, आणि घाम आला की डोळ्यांना हात लावायची त्याला खोड आहे.