दोनदा खर्रर्र म्हणजे 'नको'

"आले! आले!" एकच गलका झाला. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला होता. टेबलावर घरच्या नुकत्याच वारलेल्या वडिलांचा रेडिओ-संच होता, त्याच्यासमोर चटईवर लहरीबुवा. त्यांच्या पाठीमागचे निळे दिवे आपोआप लागले की आत्मा आला समजायचं.

"आत्मा म्हणजे तरी काय? रेडिओसारखी लहरच की!" बुवा म्हणाले. "विचारा, वहिनी. एकदा गुरगुरले तर हो, दोनदा तर नको."

"अहो," वारलेल्यांची बायको, मुलींची आई, संचाकडे वाकून म्हणाली, "पोटातली गाठ काढून घेऊ का हो?"

दिवे लखलखले. संच गुरगुरला. खर्रर्र. खर्रर्र.

"नको म्हणतायत!" बुवा म्हणाले. सगळ्यांनी हात जोडले.

थोरली मुलगी गर्दीतून संचापाशी आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑपरेशन लांबवू नका. आणि संच चालवायला तिला वडिलांनीच शिकवलेलं. हौशी रेडिओवाल्यांचा दंडकच असतो, हवेत तोंड उघडायचं तर आधी आपलं संकेतनाव सांगायचं. वडील तर वाण्याला फोन करतानाही ते सांगून बसायचे. असा माणूस मेल्यावर नुसता गुरगुरेल?

तिने संच बॅटरीवर लावला. "बोलवा पुन्हा."

दिवे लागले, खर्रर्र झालं. म्हणजे खोट संचाच्या विजेत नव्हती, खरखर बाहेरून अँटेनात शिरत होती. मग तिने घराचा मेन स्विच पाडला.

"आता बोलवा."

बुवांनी डोळे मिटले, मान हलवली, घाम पुसला. बॅटरीवरचा संच चालू होता, पण चिडीचूप. तिने वीज आणली आणि चटई उचलली. खाली पायाने दाबायचं बटण, दिव्यांचा स्वस्तातला अडॅप्टर. तिने अंगठ्याने बटण दाबलं. दिवे, खर्रर्र.

"हा अडॅप्टर खरखर ओकतो. हाच तुमचा आत्मा!"

"अविश्वासाने लहर तुटली," म्हणत बुवांनी काढता पाय घेतला.

"आत्म्यालाही वीज लागतच असेल की," शेजारचे काका पुटपुटले. लोक तिच्यावरच चरफडत पांगले.

आई उठली, बुवांच्या जागी बसली. तिने डोळे मिटले आणि बटणावर पाय ठेवला.

"अहो, जाऊ का हो ऑपरेशनला?"

खर्रर्र. खर्रर्र.

थोरलीला रडू फुटलं. "आई, डोळे उघडून बघ. पाय तुझा आहे, बटण तू दाबतेयस. एकदाच दाब ना गं!"

"मी कुठे काय केलं?" आई म्हणाली. "ते म्हणाले."