कडी तेवढी विकत आणलेली

खुराडं बांधायची कल्पना दादाची. "तू घरीच असतेस ना? सहा कोंबड्या आणून देतो. अंडी होतील, तुझाही वेळ जाईल." वर हेही, "उगाच खर्च करत बसू नकोस, घरात आहे त्यात भागव." तीन तासांच्या अंतरावर राहून माणसाला काय काय सुचतं! घरीच असते म्हणजे काय, हौसेनं बसलेय का मी? दोन वर्षांपूर्वी बाबांना घरचा रस्ता आठवेनासा झाला, तेव्हा दादानं हात वर केले आणि मी कपड्यांच्या कारखान्यातलं नमुने कापायचं काम सोडलं.

तरी बांधायला घेतलं. मोजमाप हाती आलं की मला वाईट काम जमतच नाही. मोडक्या खाटेचे खांब केले, माळ्यावरच्या खिडकीच्या चौकटीचं दार, गळक्या टाकीचा पत्रा छपराला. जाळी शेजारच्या सुतारानं दिली, त्याच्याकडे उरलेली. खिळ्याचं डोकं जाळीतून निसटू नये म्हणून प्रत्येक खिळ्याखाली सोड्याच्या बाटलीचं झाकण घातलं. मांजरच काय, मुंगूस आलं असतं तरी हात हलवत परत गेलं असतं. विकत आणली ती फक्त कडी. आणि तिथेच मी माती खाल्ली.

बाबा तीस वर्षं एका गोदामाच्या फाटकावर पहारेकरी होते. बाकी सगळं विसरले. मला लाडानं तायडी म्हणायचे, तेही दोन-तीन महिन्यांपासून बंद झालं. पण उघडी कडी दिसली की लावायची, हे त्यांचे हात विसरले नाहीत. वहिनी एकदा तासभर न्हाणीघरात अडकली, त्यानंतर ती इकडे फिरकली नाही. तेव्हा घरातल्या बाहेरून लागणाऱ्या सगळ्या कड्या मी स्वतः उचकटून काढल्या. आणि आता मीच शहाणीनं परसात नवीकोरी बसवली! कोंबड्यांचा विचार केला, बाबांचा केलाच नाही.

शनिवारी दुपारी कोंबड्यांना बसायची दांडी बांधायला वाकून आत शिरले. दोरीनंच बांधायची होती, म्हणून हत्यारं बाहेर. मागे पावलं वाजली आणि खट् झालं.

"बाबा! अहो बाबा, कडी काढा!"

पावलं निघून गेली. मला आधी हसूच आलं. मग स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून भिंतीवरचं घड्याळ दिसलं. चार वाजून वीस मिनिटं.

माझ्या खिशात आठ दिवसांपासून एक पत्र होतं. जुन्या कारखान्यानं परत बोलावलं होतं. शनिवारी पाचपर्यंत फोन करून कळवा, सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. बाबांना आता तू घेऊन जा, असं दादाला रोज सांगायचं ठरवायचे, आणि रोज त्याचं कोंबड्यांवरचं भाषण ऐकून फोन ठेवायचे. आज मात्र ठरवलं होतं, दांडी बांधायची, हात धुवायचे आणि कारखान्याला फोन करायचा. फोन आत ओट्यावर.

पाठ लावून दार ढकललं. हललं नाही. आत धड उभंही राहता येईना. जाळी ओढून बघितली, बोटं सोलली, एक झाकण जागचं हललं नाही. कशाला मेले एवढं पक्कं बांधलंस? आरडाओरडा केला, पण पलीकडे सुताराची करवत नेमकी तेव्हाच घरघरत होती. गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि रडले. कोंबड्यांना निदान एकमेकींची सोबत असणार होती. मला इथे कोण होतं?

पावणेपाचला बाबा परत आले. हात मागे, मान ताठ.

"आत कोण आहे?"

"मी आहे. तुमची मुलगी. कडी काढा ना, बाबा."

"माझी मुलगी यावेळी कामावर असते," ते करड्या आवाजात म्हणाले. "कापड कापते. सुताचाही फरक पडत नाही तिच्या हातून. ती कशाला घरी बसेल?"

मी जाळीतून बोट काढून कडी दाखवली.

"गेटपास?"

"काय?"

"गेटपासशिवाय मी आतलं काही बाहेर सोडत नाही."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं? मी खिशातलं पत्र काढलं, घडी उलगडली आणि दाराच्या फटीतून सरकवलं. त्यांनी ते ओळीओळीवर बोट ठेवून वाचलं. खालची सही पाहिली, शिक्का पाहिला.

"सोमवारी हजर व्हायचंय. आज पाचपर्यंत कळवायचंय. मग इथे काय करतेस?"

"तुमच्याकडे कोण बघणार, बाबा?" दोन वर्षांत हे पहिल्यांदाच तोंडातून निघालं, आणि निघाल्या निघाल्या मला स्वतःची लाज वाटली.

"मला काय झालंय?" म्हणत त्यांनी कडी काढली. पण दारातून हलले नाहीत. "परत कधी?"

"अं?"

"परत कधी येणार ते सांगून जायचं असतं. नाहीतर माणूस वाट बघत बसतो."

"रविवारी," मी म्हटलं. "दर रविवारी येईन. तुम्ही दादाकडे राहायचं, बाबा. मी तिथे येईन."

त्यांनी जरा विचार केला. मग पत्राच्या पाठीवर गेटपासवर नोंद करावी तसं नुसत्या बोटानं काहीतरी लिहिलं, घडी घालून पत्र माझ्या हातात दिलं.

"जा मग, तायडे. पाच वाजतायत."

मी त्यांच्या पायांजवळून रांगत बाहेर आले आणि आत पळाले. नंबर फिरवला. घंटी वाजत होती तेवढ्यात दारातून पाहिलं. बाबा वाकले होते. रिकाम्या खुराड्याची कडी लावून त्यांनी ती दोनदा ओढून बघितली, आणि ताठ होऊन तिथेच पहाऱ्याला उभे राहिले.

"हॅलो? कोण बोलतंय?"



"मी," म्हटलं. "सोमवारी येतेय."