खडूस तोंडाचा इलाज

दुसरं स्थळ मोडलं तेव्हा मध्यस्थ बाईंनी कारण सांगायला फार आढेवेढे घेतले. आधी म्हणाल्या पत्रिका जमत नाही, मग म्हणाल्या मुलीला पुण्यातच राहायचंय. मी फोन ठेवायला तयार नाही म्हटल्यावर खरं बाहेर आलं.

"विजयश्रीताई, राग मानू नका. पोरगा चांगला हाय, घर चांगलं हाय. पण मुलीची आई म्हणाली, सासू लई खडूस दिसती."

पहिल्या स्थळाचंही हेच कारण होतं, हे मग आमच्या नानासाहेबांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कबूल केलं. मला सांगायची हिंमत झाली नाही म्हणाले. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, तर ते लगेच झाडांना पाणी घालायला गॅलरीत गेले. आमच्या गॅलरीत एकच तुळस आहे आणि तिला सकाळीच पाणी घातलं होतं.

आता माझ्या तोंडाचं सांगते. मी चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये तपासणीला आहे. पत्र्याचे पार्ट प्रेसखालून निघतात, ते बघून पास करायचे नाहीतर रिजेक्ट. तिथे आवाज एवढा असतो की सगळ्यांच्या कानात बोळे, बोलून काही उपयोग नाही. म्हणून मी ओठ आवळते. आवळले की ऑपरेटर मशीन थांबवतो, सैल सोडले की माल पुढे जातो. पोरं माझ्या हाताकडे बघतच नाहीत, तोंडाकडे बघतात. एवढी वर्षं हे करून वरच्या ओठावर उभ्या चुण्या पडल्या आणि ओठांच्या कोपऱ्यांपासून हनुवटीपर्यंत दोन घड्या उतरल्या. मी पेढा खात असले तरी कुणावर तरी चिडले आहे असं दिसतं.

घरातही मला कधी तोंडाने 'नाही' म्हणावं लागलं नाही. आमच्या मुलाने, अजिंक्यने, कॉलेजात असताना बाईक मागितली, नानासाहेबांनी लातूरच्या मित्राला महिनाभर राहायला बोलावतो म्हटलं, मी ओठ आवळले आणि विषय तिथेच संपला. सोयीचं होतं, खोटं कशाला बोलू.

पण अजिंक्य तिशी ओलांडून गेला होता. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं आधीच मुश्कील, त्यात त्याचं लग्न आईच्या तोंडापायी अडायचं, हे मला सहन होईना. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग डोळे पुसले आणि चिंचवडच्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

त्यांनी आधी माझ्या हातात आरसा दिला, जसं काही मला माझं तोंड ठाऊकच नाही. मग समजावलं. पोटावरची थोडी चरबी बारीक नळीने ओढून घ्यायची, ती साफ करायची आणि सुईने तोंडाभोवती भरायची. बसक्या उशीत कापूस भरतात तसं. त्यातली काही चरबी अंगात जिरून जाते, म्हणून सुरुवातीला जरा जास्तच भरायची. सूज येणार, आणि खरं तोंड दिसायला काही महिने जाणार.

नानासाहेब स्वतःच्या पोटावरून हात फिरवत पुढे सरकले. "मॅडम, हिच्या पोटावर काय घावणार? माझी घ्या की. भरपूर हाय."

"दुसऱ्याची चालत नाही काका. त्यांची स्वतःचीच लागते."

"एवढा संसार झाला तरी मी दुसराच का?" नानासाहेबांना खरंच वाईट वाटलं.

झालं एकदाचं. पहिले काही दिवस तोंड निळंजांभळं होतं. सोसायटीत दाढ काढली म्हणून सांगितलं. निळेपणा गेला, पण सूज पुरती उतरली नव्हती, आणि आरशात एक अनोळखी बाई दिसायला लागली. ओठांभोवती गुबगुबीत, कोपरे वर उचललेले, सदा प्रसन्न. लिफ्टमध्ये लोक माझ्याशी बोलायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तर कामावर जाताना त्यांची पार्सलं माझ्याकडे ठेवून घ्यायला सांगून गेल्या. मला लोकांची पार्सलं ठेवून घ्यायला अजिबात आवडत नाही. मी ओठ आवळून दाखवले, तर त्या "किती गोड आहात हो" म्हणाल्या.

कंपनीत तर पुरता घोळ झाला. पत्र्याच्या कडेला धार राहिलेली दिसली, मी ओठ आवळले. प्रेसवर बुद्धरत्न होता. त्याने माझ्याकडे बघितलं, छान हसला आणि मशीन चालूच ठेवलं. मी आणखी आवळले, तो आणखी हसला. शेवटी धावत जाऊन त्याचा खांदा धरला, तोवर अर्धी ट्रॉली भरून गेली होती.

"ताई, तुमी हसत होता की!" बाहेर आल्यावर तो कळवळून म्हणाला. त्याची चूक नव्हती, तरी मी त्याला झापलं. तेव्हापासून मी हाताने खूण करायला लागले.

असं सगळं चाललेलं असताना तिसरं स्थळ आलं. मुलगी सायली, चाकणलाच एका मोल्डिंग कंपनीत क्वालिटीला. अजिंक्य तिला भेटून आला होता आणि त्याला ती आवडली होती. रविवारी ती वडिलांबरोबर आमचं मोशीचं घर बघायला येणार, तर या पठ्ठ्याने सकाळपासून तीन शर्ट बदलले. मी मनातून इतकी घाबरले होते की पोह्यांत मीठ घातलं की नाही ते आठवेना.

वडील अर्जुनराव म्हणजे बोलघेवडा माणूस. दारातच माझ्याकडे बघून म्हणाले, "वा, विहीणबाई हसतमुख हायेत! निम्मं काम झालं." मध्यस्थ बाईंनी समाधानाने मान डोलावली. मला वाटलं, जिंकलं.

मग अर्जुनरावांनी बोलायला सुरुवात केली. लग्न त्यांच्या गावाला, ऐन मे महिन्यात, दुपारच्या मुहूर्तावर. मी ओठ आवळले. नानासाहेबांनी सवयीने माझ्या तोंडाकडे पाहिलं, त्यांना सगळं आलबेल दिसलं. "हिला पसंत हाय," ते म्हणाले. हळदीला त्यांच्याकडे डीजे लागतोच. मी आवळले. "हरकत न्हाई," नानासाहेब म्हणाले. सायली कोपऱ्यात चहाचा कप धरून बसली होती. ती ना मुलाकडे बघत होती ना घराकडे. ती फक्त माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आन् एक," अर्जुनराव पुढे सरसावले, "पोरीची नोकरी लग्नापुरतीच हाय. लग्न झालं की राजीनामा. सुनेनं घर बघावं, सासूला आराम द्यावा. तुमच्या मनातलंच बोललो ना, विहीणबाई?"

मी जबडा दुखेपर्यंत ओठ आवळले. नानासाहेबांनी पाहिलं आणि खुशीत हसले. अजिंक्यने पाहिलं आणि खाली मान घातली. सायलीने चहा न पिताच कप खाली ठेवला.

मला सगळं समोर दिसत होतं. बोलले तर हेही स्थळ जाणार, आणि पोरगा जन्मभर शर्ट बदलत बसणार. नाही बोलले तर ही पोरगी उद्यापासून माझ्या ओट्यापाशी उभी, आणि तिच्या जागेवर दुसरंच कुणीतरी. मी पहिल्यांदा कंपनीच्या बसमध्ये चढले तेव्हा सासूबाई आठवडाभर बोलल्या नव्हत्या. तरी चढले होते.

"नाही!"

प्रेस शॉपमध्ये ओरडायची वेळ आलीच तर जेवढ्या आवाजात ओरडतात, तेवढ्या आवाजात ते निघालं. मला छोट्या खोलीत नाही म्हणायचा सरावच नव्हता. मध्यस्थ बाईंच्या हातून पोह्यांचा चमचा पडला.

"नोकरी सोडायची नाही," मी म्हणाले. "मे महिन्यात दुपारी लग्न नाही. डीजे तर नाहीच नाही. आणि मला आराम नकोय."

अर्जुनराव आ वासून बघत राहिले. "अहो, पण आत्तापर्यंत तुमी तर हसत होता!"

"हसत नव्हते. सूज आहे." बोलायला लागले तसं थांबवेना. "पोटावरची चरबी तोंडात भरून घेतलीय. दोन स्थळं माझ्या तोंडामुळे मोडली म्हणून."

अजिंक्यने डोळे मिटून घेतले. नानासाहेब गॅलरीच्या दिशेने उठले. संपवलं मी, पोराचं लग्न माझ्याच हाताने मोडलं.

तेवढ्यात सायली हसली. आधी दबकत, मग तोंडावर हात धरून.

"मी नाही म्हणायचं ठरवलं होतं," ती म्हणाली. "अजिंक्य आवडलाय मला. पण तुम्ही सगळ्यालाच गोड हसत होता. म्हटलं, या बाईच्या मनात काय आहे ते मला कधीच कळायचं नाही. अशा सासूची भीती वाटते हो."

अर्जुनराव तिला गप्प करायला बघत होते, पण तिने लक्ष दिलं नाही. सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "ही सूज उतरेल ना?"

"उतरेल. डॉक्टर म्हणाल्यात, यातलं बरंच जिरून जातं," मी म्हणाले. "मग मी पुन्हा थोडीफार खडूस दिसेन."

"दिसा की," सायलीने कप परत उचलला. "निदान मला कळेल तरी."