एकोणचाळीस, हजर

पहिल्या दिवशी, दुसऱ्या तासाला, मी "ए मागच्या, गप्प बस!" म्हणाले आणि सहावी 'ब'च्या शेवटच्या बाकावर एक मुलगा जास्त झाला.

तो दारातून आला नाही, खिडकीतूनही नाही. नव्हता, मग होता. बाकावरच्या तिघांनी एस.टी.त सरकावं तसं सरकून त्याला जागा दिली. पांढरा शर्ट, खाकी पँट, खिशाखाली शाईचा डाग. तोंड कसं होतं ते सांगता येणार नाही, कारण मागचा असल्यामुळे तो पाठमोराच बसला होता. बसला आणि भिंतीशी बोलायला लागला. मी त्याला बोलण्यावरूनच हाक मारली होती, तेव्हा त्याच्याकडे दुसरं काही काम नव्हतं.

मला वाटलं, पहिला दिवस आहे, होत असेल असं.

माझं वय चव्वेचाळीस आणि ही माझी पहिली नोकरी. परीक्षा मी बाहेरून दिल्या, पोळपाटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून. 'वर्ग कसा सांभाळावा' या प्रकरणाच्या पानांवर अजून माझी पिठाची बोटं आहेत. त्यात लिहिलं होतं, शिक्षकाचा आवाज खणखणीत असावा. तेवढा एक गुण माझ्यात होताच. दोन मुलं आणि एक बहिरे सासरे, एवढ्यावर तो आपोआप येतो.

तो मी वापरला. "ए खिडकीवाले, इकडे बघ!" म्हणाले, तर खिडकीपाशी एक मुलगी वाढली आणि बाहेर बघत राहिली. "ए खी-खी!" म्हणाले, तर एक दात पुढे असलेला पोरगा आला आणि शाळा सुटेपर्यंत हसला. "ए अतिशहाणे!" म्हणाले, तर आलेल्या मुलीने फळ्यावरच्या माझ्या गणितात चूक काढली. चूक होतीच. शेवटच्या तासाला कुणीतरी सणसणीत शिट्टी वाजवली. मी गर्रकन वळून ओरडले, "कोण आहे रे ते?" दाराजवळच्या बाकाच्या टोकाला तो आला. त्याचं तोंड दर वेळी वेगळं दिसायचं. शिट्टी मात्र तीच.

मंगळवारी हजेरी घेतली. मी नंबराने घेते. आमच्याकडे सगळेच घेतात. अडतीस नावांपेक्षा अडतीस आकडे लवकर संपतात. एक, हजर. दोन, हजर. "अडतीस," मी म्हणाले, तेव्हा कुणी बोललं नाही, फक्त दाराशी उभ्या असलेल्या एका बारीक मुलीने हात वर केला. ती उभी का आहे, हे विचारायचं माझ्या मनात आलं होतं. पण मी हजेरीपुस्तक मिटलं होतं.

"एकोणचाळीस, हजर," पाठमोरा मुलगा भिंतीला म्हणाला.

"चाळीस, हजर," खिडकीवाली बाहेर बघत म्हणाली.

असं करत ते त्रेचाळीसपर्यंत गेले. शेवटची आली शिट्टी.

मुख्याध्यापक बडगुजर सर व्हरांड्यातून रोज डोकी मोजतात, कारण दुपारची खिचडी डोक्यांवर शिजते. ते दारात थांबले.

"अहो नवीन बाई, पट अडतीस आणि डोकी त्रेचाळीस. हे कसं काय?"

"मी हाक मारली, सर. ते आले."

"हाक कमी मारा. खिचडीचा डाव तळाला लागतोय." त्यांनी चष्मा पुसला. "शनिवारी मी परत मोजेन. पट जुळला तर वर्ग तुमच्याकडे राहील. नाही जुळला तर सहावी 'ब' 'अ'मध्ये घालू आणि तुम्ही मोकळ्या."

मोकळी मी वीस वर्षं होते. मला नको होतं ते.

शिक्षकखोलीत वाणीबाई मटार सोलत होत्या. शाळेत सगळ्यात जुन्या त्या. भिकनमामा शिपाई चहा घेऊन आले आणि माझ्यापुढे दोन कप ठेवले.

"एक तुमचा, एक नवीन बाईंचा."

"नवीन बाई मीच की, मामा."

"त्या येऊन गेल्या ना आत्ता. मागे उभ्या होत्या, तुमच्यासारखीच साडी," मामा म्हणाले आणि गेले. मी दोन्ही कप पाहिले. एकात फक्त तळाला साखर उरली होती.

"पहिले तीन महिने हसायचं नाही," वाणीबाई म्हणाल्या. "नव्या माणसाने हे एक पाळावं."

"तुम्ही पाळलंत?"

"पाळलं. आता बावीस वर्षं झाली. हसू यायचंच बंद झालं." त्यांनी एक शेंग फोडली. "पहिल्या वर्षी माझे एकशे दहा झाले होते."

"मग काय केलंत?"

"बदली करून घेतली. असतील अजून तिथेच."

बुधवारी मी हसले नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. पट्टी टेबलावर आपटली. खी-खीने ती उचलून दिली. मग माझा तोल गेला आणि मी रिबीनवाली, चिमटेवाला, पेंगणारा, पाण्याला जाऊ का, बाई हा बघा ना, अशा एकूण अकरा हाका मारल्या. गुरुवारी मुलं चोपन्न झाली. पाण्याला जाऊ का हा मुलगा दर पाच मिनिटांनी पाण्याला जायचा आणि ओल्या बाहीने परत यायचा. पेंगणाऱ्याला पाहून मलाही जांभया येत. बाकांवर मांडीला मांडी लागली. दप्तरं पंख्याच्या दांडीला टांगली. फळ्यापाशी मला उभं राहायला एक फरशी उरली, आणि तिच्यावरही अतिशहाणीचा एक पाय होता.

"बाई, हातचा घ्यायचा राहिला," ती म्हणाली.

मी हातचा घेतला आणि बाहेर आले.

व्हरांड्यात ती बारीक मुलगी फरशीवर बसून दाराच्या फटीतून फळा उतरवून घेत होती. तिचं दप्तर मांडीवर, वही दप्तरावर. पलीकडे, जिन्याच्या वळणावर, एक बाई पाठ करून उभी होती. हातात खडू होता. ती हळू आवाजात, पाठ केल्यासारखं, "ए मागच्या, ए मागच्या" म्हणत होती. साडी माझीच होती, निऱ्याही तशाच वर-खाली. मी तिकडे फार पाहिलं नाही. आधी समोरची मुलगी.

मी तिच्याजवळ खाली बसले. गुडघा वाजला.

"तू अडतीस ना?"

तिने मान हलवली.

"नाव काय गं तुझं?"

"यामिनी बारेला," ती इतकं हळू म्हणाली की मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला. "माझ्या जागेवर 'कोण आहे रे ते' बसलाय."

"बाकीचे कुणाच्या जागेवर बसलेत, ठाऊक आहे तुला?"

तिला सगळं ठाऊक होतं. बोलत नसलेल्या माणसाला बघायला वेळ असतो. मागचा म्हणजे हर्षल लोहार. त्याला लांबून फळा दिसत नाही, म्हणून तो शेजाऱ्याला विचारतो, काय लिहिलंय. खिडकीवाली म्हणजे नाझनीन पिंजारी. समोरच्या बालवाडीत तिचा धाकटा भाऊ आहे आणि तो रडतो. पाण्याला जाऊ का म्हणजे दीपेश. त्याला पाणी नको असतं, त्याला वाचायला सांगतील अशी भीती असते.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आकडा विचारला होता," यामिनी म्हणाली.

मी आत गेले. आवाज खणखणीत केला नाही. चालत मागच्या बाकापर्यंत गेले. चोपन्न मुलांतून जायचं म्हणजे कुणाच्या तरी डब्यावर पाय पडतोच. हर्षलच्या खांद्यावर हात ठेवला.

"हर्षल, पुढच्या बाकावर ये. तिथून दिसेल."

हर्षल उठला. त्याच्याबरोबर पाठमोरा मुलगाही उठला. दोघं मागे-पुढे चालत आले आणि एकाच जागेवर बसले, एक दुसऱ्यात, स्वेटरमध्ये हात घालावा तसे. बाही जराशी वर चढली होती, ती हर्षलने खाली ओढली. त्याच्या खिशाखाली आता शाईचा डाग होता. त्याने फळा वाचला आणि म्हणाला, "अरे, हे सोपंय की!"

पुढे दीड दिवस मी एवढंच करत होते. नाझनीनला खिडकीजवळच ठेवलं, भाऊ रडला तर जाऊन ये म्हटलं; खिडकीवाली तिच्यात शिरली आणि दोघी मिळून फळ्याकडे बघायला लागल्या. दीपेशला म्हटलं, वाचायचं नाही, नुसतं माझं पुस्तक धर. त्याची बाही लगेच वाळली. खी-खी कौस्तुभच्या पोटात गेला, तेव्हा कौस्तुभला एवढ्या गुदगुल्या झाल्या की सगळा वर्ग हसला. मीही हसले. तीन महिन्यांपैकी चारच दिवस झाले होते. अतिशहाणी तेवढी कोमल तडवीत शिरूनही बदलली नाही. ती अजून माझ्या चुका काढते. मी तिला एक लाल पेन्सिल देऊन टाकली.

शनिवारी शाळा सकाळची. मी हजेरी नावांनी घेतली, अर्धा तास लागला. सगळे आपापल्या नावात होते. एकच उरला. दाराजवळच्या बाकाच्या टोकाला 'कोण आहे रे ते' बसला होता, तोंड बदलत. कधी हर्षल, कधी कोमल, क्षणभर वाणीबाईसुद्धा. यामिनी दारात उभी. व्हरांड्यातून बडगुजर सरांच्या चपला ऐकू येत होत्या. ते सातवीपाशी होते.

"मुलांनो," मी म्हणाले, "सोमवारची शिट्टी कुणाची? मी रागावणार नाही."

चपला सहावी 'अ'पाशी आल्या.

"सांगून टाका रे," कोमल पेन्सिल हलवत म्हणाली. "बाई जातील ना नाही तर."

यामिनी आत आली. बाकाशी थांबली.

"मी वाजवली," ती म्हणाली, आणि या वेळी ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं. "तुमच्या पदराला पीठ लागलेलं होतं. मला बरं वाटलं."

मी पदर पाहिला. आजही लागलेलं होतं.

"वाजवता छान येते तुला," मी म्हणाले. "बस, यामिनी."

ती बसली. तो नव्हता मग होता, तसा होता मग नव्हता. बाकावर तीनच मुलं राहिली आणि हात पसरून बसली. वर्ग एकदम एवढा मोठा वाटला की दीपेशने दोन्ही हात पसरून एक गिरकी घेतली.

बडगुजर सर आत आले. मुलं उभी राहिली. सरांनी बोटाने हवेत टिचक्या देत डोकी मोजली, एकदा पुढून, एकदा मागून. पंख्याकडेही पाहिलं.

"अडतीस," ते म्हणाले. "बरोबर अडतीस! शाबास. खिचडी पुरेल." ते खरोखर खूश होते. खिशातून कागद काढून त्यांनी माझ्या टेबलावर सही केली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "तर ठरलं. आजपासून सहावी 'ब' नवीन बाईंकडे."

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या चालू असतानाच जिन्याच्या वळणावरची ती बाई दारातून आत आली. खडू घट्ट धरल्यामुळे तिची बोटं पांढरी झाली होती. तिच्या पदराला पीठ नव्हतं, बाकी सगळं होतं. ती माझ्या शेजारी, त्या एकाच फरशीवर येऊन उभी राहिली आणि सरांनी पुढे केलेला कागद तिने घेतला. सोमवारी मीही खडू असाच घट्ट धरला होता. मला तिची दयाच आली.

"अभिनंदन, नवीन बाई," सर आमच्या दोघींच्या मधोमध बघत म्हणाले आणि पुढच्या वर्गाची डोकी मोजायला गेले.

टाळ्या थांबल्या. अडतीस मुलं आमच्याकडे बघत राहिली. मग दाराजवळच्या बाकावरून यामिनी उठली. हात वर केला, पण कुणी विचारेपर्यंत थांबली नाही.

"बाई," ती म्हणाली, "तुमचं नाव काय?"

आम्ही दोघींनी एकदम तोंड उघडलं.