निकेतास, रोमन

कॉन्स्टँटिनच्या शहरात आमची पावाची भट्टी खापरपणजोबांपासून पेटती होती. पश्चिमेकडच्या लॅटिन लोकांनी शहर लुटलं, आमचा दरबार समुद्रापलीकडे निकियाला गेला, तरी ती विझली नाही. लुटारूंनाही भूक लागतेच की! मी मान खाली घालून पाव भाजत होतो. माझ्या बायकोची, अँथूसाची, मान मात्र जन्मात कधी खाली गेली नव्हती.

लुटीनंतर सहाव्या वर्षी लॅटिन राज्यकर्त्यांचा हुकूम आला. प्रत्येक भट्टीवाल्यानं आपण कोणत्या लोकांपैकी ते यादीत लिहून द्यायचं, नाहीतर भट्टीला सील. यादी घेऊन व्हेनिसचा कारकून दोनातो आला. बिचारा आमची भाषा जुन्या पुस्तकांतून शिकलेला. माझं नाव विचारून गोड हसत म्हणाला, "निकेतास, हेलेन. बरोबर ना?"

त्याला म्हणायचं होतं 'ग्रीक'. पण आमच्या बोलीत हेलेन म्हणजे मूर्तिपूजक, जुन्या देवांपुढे बैल कापणारा. अँथूसाचे कणकेनं भरलेले हात तसेच कमरेवर गेले.

"मूर्तिपूजक कोणाला म्हणतोस रे मेल्या? हा पाव बघ! ह्याच्यावरचा क्रूस काय तुझ्या आजीनं उठवलाय?"

दोनातो गडबडला. "तसं नव्हे, बाई. ग्रीक म्हणायचंय मला."

"तेही नाही. आम्ही रोमन."

"रोम इटलीत आहे. मी स्वतः पाहून आलोय."

"मग फार उशिरा गेलास, बाबा. रोमनं नऊशे वर्षांपूर्वीच बिऱ्हाड हलवलं. सम्राट इकडे आला, कायदा इकडे आला. तिकडे उरल्या त्या नुसत्या भिंती."

"पण तुम्ही बोलता ती भाषा..."

"रोमनच. तू बोलतोस ती कुठली, ते देव जाणे!"

पाव घ्यायला आलेल्या बायका खो खो हसल्या. दोनातोचे कान लाल झाले. त्यानं लेखणी माझ्या हातात कोंबली. "हेलेन लिही, भट्टी तुझी. दुसरं काही लिहिलंस तर आत्ता सील करतो."

मी अँथूसाकडे पाहिलं. वाटलं, आता ती ओरडेल आणि माझं काम सोपं होईल. पण ती हळूच म्हणाली, "अहो, भट्टी तुमच्या वाडवडिलांची. काय ते तुम्हीच ठरवा."

मी भित्रा माणूस, हे सगळी गल्ली जाणते. खापरपणजोबांना कोणी हे विचारलं असतं, तर त्यांना प्रश्नच कळला नसता, असं मनात आलं. मग मी ठळक अक्षरांत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "निकेतास, रोमन."

भट्टी त्याच दुपारी विझली. मी राखेला हात लावून बघितला, ती अजून गरम होती. अँथूसानं आंबवणाचा गोळा ओल्या फडक्यात बांधून पदराखाली घेतला आणि आम्ही निघालो.

नावेतून पलीकडे उतरलो आणि चार दिवस चाललो. निकियाच्या वेशीवर पहारेकऱ्यानं हटकलं, "कोण तुम्ही?"

मी छाती पुढे काढली. "रोमन!"

"अहो काका, इथं सगळेच रोमन," तो वैतागून म्हणाला. "धंदा काय करता, ते विचारतोय."

"पाव भाजतो," एवढंच मला बोलता आलं. पुढे रडूच फुटलं.